टाकी ‘भरली’ म्हणजे नेमकं काय झालं? सेप्टिक टँकवाल्या घरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

मी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढले. फ्लश दाबला की विषय संपला, सांडपाण्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. लग्न होऊन ठाण्यात, घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या एका गावठाणातल्या बैठ्या घरात आले आणि पहिल्याच जुलैत संडासचं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. मैला उपसणारी गाडी बोलावली. गाडीवाल्याने झाकण उघडून आत डोकावलं न डोकावलं आणि निकाल दिला, “फुल्ल आहे, ताई.” उपसून, पैसे घेऊन गेला. बारा दिवसांनी पुन्हा तेच. त्या एका महिन्यात गाडी तीनदा आली.

पुढे एका जुन्या गवंडीकाकांनी टाकीपाशी उकिडवं बसून मला विचारलं, “पोरी, टाकी भरलेली नसती तर ती चालली कशी असती?” तेव्हा कळलं की मी तीन वेळा चुकीच्या आजारावर औषध घेतलं होतं. सेप्टिक टँक कायम भरलेलाच असतो. उपसला तरी साध्या वापराने चार-पाच दिवसांत पुन्हा काठोकाठ होतो, आणि व्हायलाच हवा. आमचा बिघाड टाकीत नव्हताच, टाकीच्या पुढच्या जमिनीत होता.

गावठाणं, येऊरकडचे बंगले, खाडीकाठचे पाडे, नवी मुंबईतली मूळ गावं इथे अशी घरं अजून पुष्कळ आहेत. अशा घरात नव्याने राहायला येत असाल तर पुढचं वाचा.

आधी हे जमवून ठेवा

- घरपट्टीची चालू पावती आणि घराच्या मालकीचा कागद
- घराचा जुना नकाशा, असलाच तर. नसला तर घरातलं सगळ्यांत जुनं माणूस
- मोजपट्टी, आठ-दहा फुटांचा सरळ बांबू, जुना पांढरा टॉवेल, सुतळी
- रबरी हातमोजे, गमबूट, झाकण उचकटायला पहार
- कपड्यांची नीळ किंवा खायचा रंग
- एक वही. ही नसली तर दर दोन वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

## १. टाकी आहे, खड्डा आहे की काहीच नाही?

विकणारा, भाड्याने देणारा, दलाल, सगळे “सेप्टिक टँक आहे” असंच म्हणतात. त्यातून तीन वेगळ्या गोष्टी निघू शकतात. खरोखरची पक्की टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, ही झाली योग्य व्यवस्था. दुसरी म्हणजे तळ नसलेला एकच मोठा खड्डा, ज्यात सगळं जातं आणि जमिनीत झिरपतं. त्याला टाकी म्हणू नये. तिसरी सगळ्यांत वाईट. संडासचा पाइप थेट पावसाळी गटारात, तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत.

तपासणी सोपी आहे. बादलीभर पाण्यात नीळ कालवून संडासात ओता आणि कुणाला तरी बाहेरच्या गटाराशी उभं करा. पाच-दहा मिनिटांत गटारात निळं पाणी आलं तर मधे टाकी नाहीच. नाही आलं तर एकतर टाकी किंवा खड्डा आहे, नाहीतर घर महापालिकेच्या मलवाहिनीला जोडलेलं आहे. रस्त्यात मलवाहिनी आहे का, हे प्रभाग समितीच्या कार्यालयात विचारा. शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. आमच्या गल्लीत रस्त्यावर गोल झाकणं आहेत म्हणून सगळ्यांना वाटायचं की लाइन आलेली आहे. ती झाकणं पावसाळी पाण्याची निघाली.

## २. टाकी शोधा आणि कागदावर मांडा

आमची टाकी दोन दिवस सापडली नाही. थोरल्या दिरांच्या लग्नात अंगणाला नवी लादी बसवली होती आणि लादीवाल्याने झाकणंही झाकून टाकली होती. शेवटी सासूबाई उठल्या, तुळशीपासून चार पावलं मोजली आणि म्हणाल्या, “हितं फोडा.” बरोबर तिथेच निघाली.

माणूस नसेल तर पाइपाच्या मागे जा. संडासचा चार इंची पाइप भिंतीतून जिथे बाहेर पडतो तिथून साधारण सरळ रेषेत टाकी असते. उंच उभा, वर जाळी लावलेला वास जायचा पाइप दिसला तर तो बहुतेक टाकीवरच असतो. पहारेने ठोकत गेलात तर पोकळ आवाज येतो.

सापडली की वहीत आकृती काढा. घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून प्रत्येक झाकणाचं अंतर लिहा. झाकणांवर पुन्हा लादी घालू नका. उचलता येतील अशी कड्यांची झाकणं बसवा. टाकीवर गाडी उभी करायची नाही, वर पाण्याचा सिंटेक्स ठेवायचा नाही. आतल्या वायूने स्लॅब खालून खाल्ला जातो आणि वरून काहीच कळत नाही. लोखंड गंजून फुगलेलं दिसलं तर पोरांना अंगणात खेळायला सोडण्याआधी स्लॅब बदला.

## ३. आत काय चालतं

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबते.

टाकीत मैलापाणी शिरलं की त्याचा वेग मरतो. जड ते तळाला बसतं, तो गाळ. तेल, तूप, साबणाचा फेस असं हलकं वर तरंगतं, त्याची जाड साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त तपकिरी. मधला थर तुलनेने नितळ पाण्याचा. नवं पाणी आत आलं की तेवढंच मधलं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर ढकललं जातं.

हा मधलाच थर बाहेर जावा म्हणून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे जोड लावतात. त्यांची खालची नळी पाण्यात फूटभर बुडालेली असते, त्यामुळे साय अडते आणि गाळ ढवळत नाही. हा जोड तुटून पडला असेल तर टाकी कितीही मोठी असो, घाण थेट पुढे जाते. जुन्या घरात पहिल्यांदा झाकण उघडाल तेव्हा सगळ्यांत आधी हेच बघा. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा निदान ५ सेंटिमीटर खाली असावा. मोठ्या टाकीत मधे भिंत घालून दोन कप्पे करतात, पहिला दोन तृतीयांश आणि दुसरा एक तृतीयांश.

तळातल्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. ते गाळ कुजवून त्याचं आकारमान घटवतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. म्हणून तर तो उभा पाइप. पण गाळ सगळा संपत नाही. जे कुजत नाही ते साठत राहतं आणि काही वर्षांनी उपसावं लागतं.

आता लोकांना न पटणारी गोष्ट. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. चांगली चाललेली टाकी तरंगता मळ निम्म्याहून जास्त अडवते, पण पाण्यात विरघळलेली घाण तिसरा हिस्सा ते निम्मी एवढीच कमी होते, आणि रोगजंतू भरपूर शिल्लक राहतात. नितळ दिसतं म्हणून कुणी ते भाजीला घालतात, तसं करू नका. उरलेलं काम शोषखड्ड्याभोवतालच्या मातीचं. माती गाळते, मातीतल्या हवेवर जगणारे जिवाणू उरलेली घाण खातात, जंतू तिथे अडकून मरतात. अर्धं यंत्र गवंड्याने बांधलेलं आणि अर्धं आधीपासून जमिनीत असलेलं, असा हा प्रकार आहे. आपण पैसे पहिल्या अर्ध्यावर घालतो आणि दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही.

## ४. टाकी पुरेशी आहे का?

सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०, दोन भागांत. त्यातली घरगुती मापं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. आतली रुंदी निदान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली निदान १ मीटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, आणि क्षमता १,००० लिटरच्या खाली नको. पाच माणसांना १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि साधारण १ मीटर पाण्याची खोली. दहा माणसं धरून दोन वर्षांनी उपसायची असेल तर २ मीटर, ०.९ मीटर आणि १.४ मीटर. पाण्याच्या वर स्लॅबपर्यंत फूटभर मोकळी जागा वेगळी.

हे दुसरं माप गुणलं तर २,५२० लिटर येतात. आमची टाकी जवळपास एवढीच आहे. घरात सहा माणसं. संडास, मोरी सगळं धरून दरडोई शंभरेक लिटर सांडपाणी म्हटलं तर दिवसाला ६०० ते ६५० लिटर. तिसरा हिस्सा गाळ-सायीने व्यापला तरी पाणी अडीच दिवस टाकीत थांबतं. एक ते दोन दिवस थांबलं तरी पुरतं. म्हणजे टाकी ठीक.

मग धाकट्या दिरांची हळद आली. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते ठाण्याच्या गावांत राहिलेल्यांना सांगायला नको. लग्नाला माणसं कमी असतील एकवेळ. त्या रात्री दोनशे माणसं घरचा संडास वापरून गेली असं धरा आणि प्रत्येकाचं पाणी दहा लिटर धरा. २,००० लिटर एका रात्रीत. टाकीतलं सगळं ढवळून शोषखड्ड्यात गेलं. दोन दिवसांनी खड्ड्याभोवतीची माती बुडबुडत होती. तेव्हापासून कार्य असलं की मंडपवाल्याबरोबर फिरत्या शौचालयाचाही फोन होतो.

## ५. जमिनीला विचारा

ठाण्याची जमीन दोन टोकांची आहे. डोंगराच्या बाजूला, येऊर-मानपाड्याकडे, हात-दोन हात मातीखाली मुरूम आणि मग काळा कातळ. तिथे पाणी एकतर मुरतच नाही, किंवा कातळाच्या भेगेत शिरून मातीत न गाळताच भलतीकडे, कुणाच्या तरी विहिरीत निघतं. खाडीच्या बाजूला खाजणाची चिकट काळी माती; वरून पाऊस आणि खालून उधाणाचं पाणी. आमच्याकडे श्रावणात दोन फूट खणलं की पाणी लागतं. अशा जमिनीत सहा फुटांचा शोषखड्डा म्हणजे एक लहान विहीर. त्यात टाकीचं पाणी जात नाही, उलट जमिनीचं पाणी टाकीत येतं.

हे घरच्या घरी तपासता येतं:

१. शोषखड्डा करायचा तिथे, पाइप सुटेल त्या खोलीपर्यंत फूटभर रुंद खड्डा खणा. कडा खरवडून घ्या, तळाला दोन इंच खडी टाका.
२. फूटभर पाणी भरून रात्रभर राहू द्या, म्हणजे माती पुरती भिजेल. सुकी माती सुरुवातीला घटाघटा पिते आणि आपल्याला फसवते.
३. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर सहा इंच पाणी ठेवा आणि दर अर्ध्या तासाने किती उतरलं ते मोजा. कमी झालेलं पाणी पुन्हा भरा. चार तास हे करा.
४. शेवटच्या अर्ध्या तासाच्या मापावरून २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा.

तीस मिनिटांच्या आत असेल तर साधा शोषखड्डा चालेल. तीस ते साठमध्ये असेल तर खड्ड्याऐवजी लांबट उथळ चर, म्हणजे पाणी पसरून मुरेल. साठच्या वर गेलं तर जमीन नाही म्हणतेय. तिच्याशी भांडू नका, नववा मुद्दा बघा. आणि ही परीक्षा मे महिन्यात करून हुशारी मारू नका. मेमध्ये आमची जमीनही पास झाली होती. पावसाळ्यात भूजल सहा फुटांच्या आत येत असेल तर खोल खड्डा नको, हाच नियम.

पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर तरी लांब हवा आणि राहत्या घरापासून ६ मीटर. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असताना १८ मीटर कुठून आणणार, हा प्रश्न मीही विचारला. आणता येत नसतील तर विहिरीचं पाणी पिणं सोडावं लागतं, दुसरं उत्तर नाही. आम्ही विहीर धुण्याभांड्यांना ठेवली. सासूबाईंना ते अजून रुचलेलं नाही.

## ६. काठी घालून गाळ मोजा

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर. बांबूच्या खालच्या तीन फुटांना पांढरा टॉवेल सुतळीने घट्ट गुंडाळा. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बाजूच्या झाकणातून हळूच तळाला टेकेपर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं धरा, हळूच काढा. टॉवेलवर गाळाची काळी रेघ स्वच्छ दिसते. सायीची जाडी बांबूच्या दुसऱ्या टोकाने चाचपून अंदाजता येते. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोहोचले की गाडी बोलवायची. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. “आमची टाकी पंधरा वर्षांत उपसलीच नाही” असं कौतुकाने सांगणारे भेटतील. त्यांचा गाळ शोषखड्ड्यात गेलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम एकट्याने करू नका. झाकण उघडून पंधरा-वीस मिनिटं लांब उभं राहा, वारा आपल्याकडून टाकीकडे वाहील अशा बाजूला. बिडी, काडेपेटी, दिवा काही नको. आत वाकून बघू नका आणि काहीही पडलं तरी आत उतरू नका. मोबाइल पडला, सोन्याची अंगठी पडली, तरीही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास येणंच बंद पडतं. वास नाही म्हणजे धोका नाही असं समजून माणूस उतरतो आणि उतरल्या उतरल्या कोसळतो.

## ७. गाडी बोलावताना

आधी महापालिकेत अर्ज करा. घरपट्टीची पावती, पत्ता, फोन नंबर, टाकी रस्त्यापासून किती लांब, एवढं लागतं. सफाईच्या तक्रारी आणि विनंत्यांसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. खासगी गाडी बोलावणार असाल तर फोनवरच चार गोष्टी ठरवा:

- भाव फेरीचा की टाकीचा? टाकीचं माप तुम्हाला ठाऊक नसलं की एका टाकीच्या दोन फेऱ्या होतात.
- पाइप किती लांब? आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरतच नाही.
- मैला नेऊन टाकणार कुठे? “ते आमच्यावर सोडा” हे उत्तर मिळालं तर फोन ठेवा. रात्री नाल्यात सोडलेला मैला सकाळी आपल्याच खाडीत असतो. मलप्रक्रिया केंद्राची पावती मागा.
- माणूस आत उतरवणार का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “नाही” हेच असलं पाहिजे. “तळाचा घट्ट गाळ मशिनने निघत नाही, पोरगा दोन मिनिटं उतरेल, वरचे पाचशे द्या,” हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि उतरवायला सांगणारं घरही त्यात येतं. २०१९ साली ठाण्यातल्याच ढोकाळीत एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन सफाई कामगारांचा जीव गेला. टाकी आपल्याकडच्याच लोकांची होती, मरणारे बाहेरून बोलावलेले. घट्ट गाळ असेल तर गाडीवाला पाण्याचा फवारा मारून तो पातळ करतो आणि मग ओढतो. वेळ लागतो, पण निघतो.

उपसताना बाजूला उभं राहून दोन गोष्टी बघा. पातळी खाली जात असताना बाहेर जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटं आत येतंय का? येत असेल तर शोषखड्डा तुंबलाय. आणि उपसल्यावर रात्रभर कुणीही पाणी न वापरता सकाळी पातळी वाढली का? वाढली तर भिंतीतून किंवा खड्ड्यातून जमिनीचं पाणी शिरतंय. आमच्या तिन्ही फेऱ्यांत हेच झालं होतं. मी खाडीचं पाणी उपसायचे पैसे दिले होते.

तळाचा थोडा गाळ मुद्दाम राहू द्या, त्यातूनच पुढचे जिवाणू वाढतात. टाकी घासू नका, फिनाइल ओतू नका. आणि गाडी गेली की (वरची रात्रभराची तपासणी करणार असाल तर सकाळी पातळी बघितली की) लगेच पाइप लावून टाकी साध्या पाण्याने भरा. शेजारच्यांनी प्लास्टिकची तयार टाकी बसवली होती, ती भर जुलैत रिकामी करून तशीच ठेवली. भूजलाने तिला खालून उचललं. सकाळी टाकी हातभर वर आलेली, पाइप मोडलेले. खाडीकाठी उपसा दिवाळी ते मे याच काळात करा.

वाई आणि सिन्नरमध्ये नगरपालिकाच ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसते, दर तीन वर्षांनी, स्वच्छता करातून. तिथल्या लोकांना यातलं निम्मं वाचायची गरजच नाही. हेवा वाटतो.

## ८. काय जाऊ द्यायचं नाही

पॅड, डायपर, निरोध, ओले टिशू, केस, सुपारीची पाकिटं: काहीच कुजत नाही, पाइपात अडकतं. स्वयंपाकघरातलं तेल, मटणाच्या रश्श्याचं तूप, मासळीचे खवले टाकीत नकोत. स्वयंपाकघराच्या पाइपावर तेल अडवणारं छोटं चेंबर बांधून घ्या आणि महिन्याला साफ करा. टॉयलेटचं ॲसिड बाटलीच्या बाटली ओतलं तर जिवाणू मरतात. आठवड्याला थोडंसं टाकून ब्रशने घासलं तर बिघडत नाही.

बाजारात पुड्या मिळतात, ‘टाकीत टाका, उपसायची गरज नाही’ म्हणून. घेऊ नका. लागणारे जिवाणू आपल्या मैल्यातच भरपूर असतात, आणि न कुजणारा गाळ कुठल्याच पुडीने नाहीसा होत नाही. अगदी नवी टाकी सुरू करताना मात्र ती पाण्याने भरून चालू टाकीतला बादलीभर गाळ किंवा गोबरगॅसमधला कुजलेला शेणकाला घातला तर काम लवकर सुरू होतं.

अंघोळीचं पाणी शक्य असेल तर टाकीत नेऊच नका. जुन्या घरांत मोरीचं पाणी मागच्या केळींना जायचं, ते उगाच नव्हतं. उंबर, पिंपळ मात्र टाकीजवळ नकोत. मुळं सांधे फोडून आत शिरतात.

डास झाले असतील तर उभ्या पाइपाची जाळी बघा. ती फाटली की टाकी म्हणजे डासांचं प्रसूतिगृह. जाळीला खर्च जवळपास काहीच नाही. पाइप घरालगत असेल तर छपराच्या वर दोन मीटर न्या, म्हणजे वास खिडकीत येणार नाही.

## ९. शोषखड्डा मेलाच असेल तर

मरण्याची कारणं दोन. एक, गाळ वाहून येऊन खड्ड्याच्या भिंतीवर काळी बुळबुळीत साय बसते आणि मातीची भोकं बुजतात. जमीन चांगली असेल तर दुसरा खड्डा करा आणि पहिल्याला काही महिने विश्रांती द्या. सुकला की साय मरते आणि तो पुन्हा पिऊ लागतो. दोन्हींच्या मधे चेंबर ठेवून आलटून पालटून वापरणं सगळ्यांत उत्तम. खड्डा निदान ९० सेंटिमीटर रुंद आणि पाइपाच्या खाली १ मीटर खोल हवा. विटा किंवा दगड सिमेंटशिवाय मोकळ्या सांध्यांनी रचायचे, बाहेरून तीन इंच खडी भरायची. आमच्या आधीच्या ठेकेदाराने खड्ड्याला आतून छान गुळगुळीत गिलावा केला होता! पाणी मुरायला जागाच नाही, पण दिसायला सुबक.

दुसरं कारण जमीनच नकार देते. कातळ किंवा खाजण. मग टाकीच्या पुढे खडीची गाळणटाकी बांधतात. पाणी तिच्या तळाशी शिरतं आणि खडीतून वर चढत बाहेर पडतं. खडीवर वाढलेले जिवाणू उरलेली घाण खातात. आम्ही हेच केलं, आणि त्यापुढे जमिनीच्या वर उचललेला रेती-खडीचा वाफा, त्यात कर्दळी. पाणी वर चढवायला छोटा पंप लागतो आणि वीज गेली की जीव वर-खाली होतो. पण सलग तीन पावसाळे संडास तुंबलेला नाही. असं काही बांधण्याआधी प्रभाग समितीत विचारून घ्या, आणि खाडीलगत असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची, रेषा तुमच्या अंगणातून जाते का तेही बघा. काम झाल्यावर कळलं तर तोडायचे पैसे वेगळे.

रस्त्यात मलवाहिनी आलीच तर हे सगळं सोडून जोडणी घ्या. परवानाधारक प्लंबरकडून आकृती काढून घ्या, घरपट्टी आणि मालकीचे कागद लावा, रस्ता खोदण्याचं शुल्क भरा. जोडणी झाली की जुनी टाकी पोकळ सोडू नका. उपसून घ्या, तळाला भोकं पाडा, डबर-मुरुमाने ठासून भरा आणि वहीतल्या आकृतीवर तारखेनिशी तसं लिहून ठेवा.